राउटर स्टेप सोडतोय? करंट वाढवण्याआधी या चुका टाळा

लाकूड कोरणाऱ्या सीएनसी राउटरची मोटर छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने, फिरते; काही स्टेप हुकल्या की काप सरकतो. सागवानी नेमप्लेटची शिरोरेषा हा दोष लगेच उघडा पाडते. पहिल्या दोन पासात रेघ सरळ येते आणि तिसऱ्या पासात तिच्या शेजारी, अर्धा मिलिमीटर सरकून, दुसरी रेघ उमटते. मोटरने स्टेप सोडल्या हे उघड आहे, म्हणून पेचकस थेट ड्रायव्हरवरच्या (मोटरला करंट देणाऱ्या बोर्डवरच्या) छोट्या पॉटकडे, म्हणजे करंट ठरवणाऱ्या स्क्रूकडे, जातो. पण करंट कमी पडणं हे अनेक कारणांपैकी एकच. कारण दुसरंच असेल, तर करंट वाढवून ड्रायव्हर फक्त जास्त तापतो.

म्हणून आधी चूक मोजा. ०.०१ मिमीचा डायल इंडिकेटर फ्रेमला पक्का बसवा, टेबल त्याला टेकवून शून्य करा. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) बंद ठेवून टेबल २०० मिमी दूर न्या आणि परत आणा, असं ५० वेळा. मग डायल वाचा.

१.८ अंशाच्या मोटरचा एक फेरा २०० फुल स्टेपचा असतो. भाराने रोटर मागे पडला, तर तो एखाददुसरी स्टेप सोडून थांबत नाही. चुंबकीय चक्र ४ फुल स्टेपचं असल्याने घसरण ४, ८, १२ अशीच होते. ५ मिमी लीडच्या (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणाऱ्या) बॉल स्क्रूवर ४ स्टेप म्हणजे ०.१ मिमी, ८ मिमी लीडच्या टी८ स्क्रूवर ०.१६ मिमी आणि जीटी२ बेल्टच्या २० दातांच्या पुलीवर ०.८ मिमी. चूक या आकड्याच्या पटीत असेल, तर मोटरची ताकद अपुरी पडतेय किंवा कुठेतरी यांत्रिक अडकाव आहे. पटीत नसेल, तर संशय कपलर (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा), पल्स (स्टेपचा सिग्नल) किंवा नॉइजवर (सिग्नलमधल्या विद्युत गोंधळावर). चूक साठत जात नसेल, फक्त दिशा बदलल्यावर तेवढीच दिसत असेल, तर तो बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधली ढिलाई. स्टेपचा त्यात संबंध नाही. आणि १०० मिमीला १ मिमी, २०० ला २ मिमी असं प्रमाण दिसलं, तर जीआरबीएल या कंट्रोलर सॉफ्टवेअरच्या $१०० सेटिंगमधला स्टेप-प्रति-मिमी आकडा चुकलाय.

कपलर न तपासणे

मोटर शाफ्ट, कपलर आणि स्क्रू यांवरून मार्करने एकच आडवी रेघ ओढा आणि काम चालवा. रेघ तुटली, तर कपलरचा ग्रब स्क्रू (शाफ्ट आवळणारा छोटा स्क्रू) घसरतोय. गोल शाफ्टवर तो कितीही आवळला तरी कधीतरी सुटतोच. कानशीने शाफ्टवर छोटा सपाट भाग करा, स्क्रू नेमका त्यावर येऊ द्या आणि थेंबभर निळा थ्रेडलॉकर लावा.

व्हीरेफचं सूत्र डोळे मिटून वापरणे

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ए४९८८ ड्रायव्हरसाठी व्हीरेफ (करंटची मर्यादा ठरवणारं, पॉटवर मोजायचं व्होल्टेज) = ८ × करंट × सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारा रेझिस्टर). बोर्डवर आर१०० (०.१ ओहम) छापलेला रेझिस्टर असेल, तर १ अँपिअरला ०.८ व्होल्ट; आर०५० (०.०५ ओहम) असेल, तर ०.४ व्होल्ट. दिसायला दोन्ही बोर्ड सारखेच, म्हणून दुसऱ्याचा आकडा उतरवला की करंट निम्मा तरी होतो किंवा दुप्पट तरी. चिपजवळचे दोन काळे रेझिस्टर भिंगाखाली वाचा. डीआरव्ही८८२५ या दुसऱ्या ड्रायव्हरवर आर१०० असताना करंट = २ × व्हीरेफ. मोजताना मल्टिमीटरची काळी पिन ग्राउंडला आणि लाल पॉटच्या धातूला.

हीटसिंकशिवाय ए४९८८ कडून फेजमागे (मोटरच्या प्रत्येक कॉइलमागे) सुमारे १ अँपिअरच अपेक्षा करा. त्यापुढे हीटसिंक आणि पंखा दोन्ही हवेत. पहिली २० मिनिटं काम सुरळीत आणि मग अचानक सरक, मधेच क्षणभर मोटर ढिली पडते, असं झालं तर चिप तापून स्वतःला बंद करतेय. अशा वेळी करंट वाढवणं म्हणजे आगीत तेल. मोटर स्वतः हात टिकणार नाही इतकी गरम होणं मात्र बऱ्याचदा नेहमीचंच असतं.

३ अँपिअरची नेमा २३ (मोठ्या मापाची) मोटर या छोट्या ड्रायव्हरवर जोडूच नका. ताकद साधारण एक तृतीयांश मिळेल. तिला डीएम५४२ सारखा मोठा, बाहेरचा ड्रायव्हर लागतो. आणि वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर तिथेच जळतो.

१२ व्होल्टवर वेग मागणे

वेग वाढला की कॉइलमध्ये करंट भरायला वेळ पुरत नाही आणि टॉर्क पडतो. उपाय करंट नव्हे, व्होल्टेज. ए४९८८ ची मर्यादा ३५ व्होल्ट, त्यामुळे २४ व्होल्टचा सप्लाय निर्धास्त चालतो. मग $११०, म्हणजे कमाल वेगाचं सेटिंग, दर खेपेला ५०० मिमी प्रति मिनिट वाढवत मोटर अडेपर्यंत न्या आणि त्याच्या ३० टक्के खाली थांबा. प्रवेगाचं, म्हणजे $१२० चंही तसंच.

मायक्रोस्टेप (एका स्टेपचे आणखी बारीक भाग) वाढवून अचूकता वाढेल या आशेवर राहू नका. अर्डुइनो ऊनो बोर्डवर जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३०,००० पल्स देतं. ५ मिमी लीडवर १/१६ ठेवलं तर ६४० स्टेप प्रति मिमी, म्हणजे कमाल वेग जेमतेम २,८०० मिमी प्रति मिनिट. १/८ वर तो दुप्पट. शिल्डवरचे (ड्रायव्हर बसतात त्या बोर्डवरचे) तिन्ही जंपर लावले तर ए४९८८ ला १/१६ मिळतं, डीआरव्ही८८२५ ला १/३२. ड्रायव्हर बदलल्यावर टेबल निम्मंच सरकू लागलं, तर गोम इथे आहे.

दिशा आणि पल्स यांत अंतर न ठेवणे

बाहेरचा ड्रायव्हर जोडल्यावर हा दोष येतो आणि लवकर सापडत नाही. डीएम५४२ ला पल्सच्या किमान ५ मायक्रोसेकंद आधी दिशेचा सिग्नल स्थिर हवा. तो उशिरा पोचला, तर वळणावरची पहिली मायक्रोस्टेप उलट्या दिशेला जाते. ड्रायव्हरच्या इनपुटचा ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पोचवणारा भाग) चालू आणि बंद व्हायला सारखा वेळ घेत नाही, त्यामुळे एकाच बाजूच्या वळणावर चूक होते आणि ती साठत जाते. ६४० स्टेप प्रति मिमीला एका चुकीची किंमत दोन मायक्रोस्टेप (एक हुकली, एक उलटी), म्हणजे ०.००३ मिमी, ३२० फेऱ्यांत १ मिमी. म्हणून लांब सरळ कापात काहीच दिसत नाही आणि झिगझॅग कोरलेलं पॉकेट (खोलगट भाग) मात्र हळूहळू तिरकं होत जातं. $२ मध्ये त्या ॲक्सिसचा पल्स उलटा करा आणि तीच फाइल पुन्हा चालवा.

झेड ॲक्सिस मोकळा सोडणे

$१ मूळ २५ असतो. थांबल्यावर २५ मिलिसेकंदांत मोटर सुटते. ८ मिमी लीडचा टी८ स्वतःला धरून ठेवत नाही, स्पिंडलच्या वजनाने झेड खाली उतरतो. $१=२५५ केलं की मोटर कायम धरलेली राहते.

स्पिंडलची वायर मोटरच्या वायरीसोबत बांधणे

स्पिंडल बंद असताना डायल शून्यावर येतो, पण हवेतच, लाकडाला न लावता, स्पिंडल नुसता फिरवला तरी चुकतो? मग नॉइज. स्पिंडलला वेगळा सप्लाय द्या, वायरी वेगळ्या मार्गाने न्या, शिल्डेड केबलचं आवरण फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थ करा. लिमिट स्विचच्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, की विनाकारण येणारे अलार्मही थांबतात.

हवेत ठीक आणि लाकडातच चूक येत असेल, तर बिट बोथट आहे किंवा काप खोल आहे. ३.१७५ मिमीच्या बिटने प्लायमध्ये १.५ मिमी खोली आणि ८०० मिमी प्रति मिनिटपासून सुरुवात करा.