गोणपाटाने घर सजवायचंय? मग आधी कापड नीट तयार करा

गोणपाट म्हटलं की बहुतेकांना दारातलं पायपुसणं आठवतं, नाहीतर नवीन स्लॅबवर पाणी धरायला टाकलेलं ओलं तरट, आणि आईच्या पिढीला शाळेत न्यायचं बसकर. पण तागाचा तो मातकट सोनेरी रंग आणि जाडीभरडी वीण घरात इतकी छान दिसते ना, त्याच्याशेजारी खणाची एक पट्टी लावली तरी पुरे. मला तर यापेक्षा स्वस्तात एवढं देखणं दुसरं कापड माहीतच नाही.

कापड दोन प्रकारे मिळतं. एक म्हणजे किराणावाल्याकडे किंवा बारदानवाल्याकडे धान्याचं रिकामं पोतं, ते उसवून सरळ केलं की बऱ्यापैकी मोठा तुकडा निघतो, फक्त शाईचे छापे आणि भोकं बघून घ्या. दुसरं म्हणजे नवीन ताग्यातलं, मीटरवर मिळतं. उशीसाठी दाट विणीचं घ्या आणि पडद्याला, मखराला विरळ चालतं. उजेडासमोर धरून बघा, लगेच कळतं. आणि घेताना ३-४ इंच जास्तच घ्या, कारण धुतल्यावर ते आटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वास. ताग कातताना धागा मऊ व्हावा म्हणून त्याला तेल लावतात, त्यामुळे नव्या कापडाला रॉकेलसारखा वास येतो. आधी दोन-तीन दिवस वाऱ्यावर टाका, मग बादलीत गार पाणी, थोडा सौम्य साबण आणि अर्धी वाटी व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका. चोळायचं नाही, पिळायचं नाही, कारण ओला झाला की तागाचा धागा कमजोर होतो, आणि वॉशिंग मशीनमध्ये तर अजिबात नको, तंतू सुटून पाइपात अडकतात. सावलीत वाळवा, कडक उन्हात रंग उडतो. थोडं दमट असतानाच वरून सुती कापड टाकून इस्त्री करा म्हणजे नीट सरळ होतं.

कापायची खरी युक्ती अशी, की पेन्सिलने रेघ मारून कापू नका, वाकडंच जातं. जिथे कापायचंय तिथला एकच धागा सुईच्या टोकाने उचलायचा आणि हळूहळू ओढून काढायचा, तो निघाला की कापडात एक सरळ फट दिसते, त्या फटीवरून कात्री चालवायची. धागा मध्येच तुटला तर तिथूनच परत उचला. वेळ लागतो पण कडा एकदम सुतात येते. लगेच कडेला पाणी घातलेलं फेव्हिकॉल ब्रशने लावा किंवा झिगझॅग मारा, नाहीतर आठ दिवसांत अर्धं कापड उसवलेलं असेल.

सुरुवात टेबल रनरने करा, सगळ्यात सोपं. टेबल ४ फूट लांब असेल तर रनर ५ फूट, म्हणजे दोन्हीकडे ६-६ इंच खाली लोंबतो, आणि रुंदी टेबलाच्या साधारण एक तृतीयांश. दोन्ही टोकांचे आडवे धागे दोन इंचापर्यंत काढून टाकले की आपोआप झालर होते, वर लेस वगैरे काही नको. झालर जिथे सुरू होते तिथे एक शिलाई मात्र मारा. उशीच्या अभ्र्याला आतून सुती अस्तर लावाच, ताग टोचतो आणि त्याचे तूस पडतात. मशीनला १६ किंवा १८ नंबरची सुई आणि टाका लांब ठेवा, शिवून झाल्यावर बॉबिनकडचा कचरा साफ करा. हाताने शिवायचं तर दाभण आणि सुतळी, तेही दिसायला सुरेखच. बाटल्या, बरण्या आणि कुंड्यांना नुसतं गुंडाळून सुतळी बांधली तरी झालं, फक्त कुंडीखाली ताटली ठेवा, ओलं राहिलं की कापड कुजतं.

वारली काढायची असेल तर जेवढ्या भागावर चित्र येणार तिथे आधी फेव्हिकॉल-पाण्याचा पातळ हात मारून पूर्ण वाळू द्या, नाहीतर रंग विणीतून खाली उतरतो आणि रेघ फाटते. खाली प्लास्टिक घाला, वर्तमानपत्र चिकटतं. पांढरा अ‍ॅक्रिलिक घट्टच ठेवा आणि आकृत्या मोठ्या काढा, या विणीवर बारीक काम उठत नाही.

आणि गणपती! २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून मखराला काय वापरायचं हा प्रश्न घरोघरी आहे, मला तरी गोणपाटाचा पडदा सगळ्यात आवडतो. मागे काठी बांधून जेवढी रुंदी हवी त्याच्या दीडपट कापड चुण्या घालून सोडा, कडेला खणाची किंवा जुन्या साडीच्या काठाची पट्टी, वर झेंडूची माळ, बास. चमकी, थर्माकोलचे मणी, सोनेरी स्प्रे असलं काही त्याच्यावर मारू नका हो, त्याचा पोतच झाकून जातो. पण एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, ताग पटकन पेट घेतो, म्हणून समई आणि निरांजन पडद्यापासून किमान दोन-तीन फूट लांब, आणि पंख्याच्या वाऱ्याने पडदा ज्योतीकडे उडत नाही ना हे आरतीआधी बघा. खालची कड पाटाला बांधून टाकली तर उत्तम.

पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर गोणपाट लावू नका, आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके येतात. कडक व्हावं म्हणून काहीजण भाताच्या पेजेची खळ देतात, पण त्याला झुरळं लागतात, मी तरी देत नाही. सण झाला की झटका, एक दिवस वाऱ्यावर वाळवा, घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, कारण घडीवर धागे तुटतात, आणि आत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून जुन्या सुती चादरीत बांधून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमट होतं.