दरवर्षी बदलणाऱ्या संघाचे चाहते कसे राहावे : अमेरिकी कॉलेज बास्केटबॉल पाहणाऱ्या मराठवाड्यातील प्रेक्षकांसाठी

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी येथील मैदानांवर बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींपैकी काही जण एनबीएच्या बरोबरीने अमेरिकी विद्यापीठांचे सामनेही आवडीने पाहतात. त्यांची एक तक्रार रास्त आहे. मागच्या मार्चमध्ये ज्या संघासाठी रात्र जागवली, त्या संघात नोव्हेंबर उजाडेपर्यंत ओळखीचा एखादाच चेहरा उरतो. चार वर्षे एकाच गणवेशात मुले वाढताना पाहायची, ही या खेळाच्या चाहत्यांची जुनी रीत आता एकटी पुरत नाही. तरीही मला ठामपणे वाटते की थोडा अभ्यास करायची तयारी असेल तर हा खेळ आजही मनापासून पाहता येतो आणि एखाद्या संघाला आपले म्हणता येते. तो अभ्यास कसा करावा, ते पुढे सांगतो.

सुरुवात नियमांपासून करावी, कारण नियम माहीत नसले की प्रत्येक बदल दगाबाजीसारखा दिसतो. 2021 पूर्वी एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या बास्केटबॉलपटूला सामान्यतः एक पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागे. प्रशिक्षक मात्र हवे तेव्हा, कराराची भरपाई मोजून, दुसरीकडे जात असत. ट्रान्सफर पोर्टल ऑक्टोबर 2018 मध्ये सुरू झाले. ती मुळात एक नोंदवही आहे. खेळाडूने लेखी मागणी केली की विद्यापीठाला त्याचे नाव कामकाजाच्या दोन दिवसांत तेथे नोंदवावे लागते आणि मग इतर प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकतात. एप्रिल 2021 मध्ये एकदा बदली केल्यास बाहेर बसण्याची अट काढण्यात आली. पुढे न्यायालयीन लढाईनंतर, एप्रिल 2024 मध्ये, अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा बदली करण्याची मोकळीक मिळाली. पोर्टलमध्ये नाव नोंदवायला दरवर्षी ठरावीक मुदत असते. 2025 मध्ये पुरुष बास्केटबॉलची ही मुदत 24 मार्चला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा ऐन रंगात असताना, सुरू झाली आणि 22 एप्रिलला संपली. सुमारे 360 संघांच्या या पहिल्या श्रेणीतून त्या वर्षी दोन हजारांहून अधिक पुरुष खेळाडूंनी नावे नोंदवली. प्रशिक्षक गेला तर त्याच्या खेळाडूंना वेगळी मुदत मिळते, हेही लक्षात ठेवावे.

पैशांचा प्रवास याला समांतर चालला आणि त्याची मुळे जुनी आहेत. यूसीएलए विद्यापीठाचा माजी खेळाडू एड ओबॅनन याने आपली प्रतिमा व्हिडिओ गेममध्ये विनामोबदला वापरली गेल्याबद्दल 2009 मध्ये दावा लावला आणि 2014 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. जून 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेविरुद्ध निकाल दिला आणि 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना आपले नाव, प्रतिमा आणि ओळख यांच्या वापरासाठी पैसे घेण्याची मुभा मिळाली. यालाच तिकडे एनआयएल म्हणतात. त्यानंतर ठिकठिकाणी श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी आणि साध्या चाहत्यांनीही निधी गोळा करणारे गट उभे केले. जून 2025 मध्ये त्याच न्यायाधीश विल्कन यांनी हाउस खटल्यातील तडजोडीला मान्यता दिली आणि विद्यापीठांना स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना थेट वाटा देण्याची परवानगी मिळाली. 2025-26 साठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर, म्हणजे पावणेदोनशे कोटी रुपयांहून अधिक आहे.

ही रक्कम ऐकून अनेकांचा समज होतो की ती सगळी बास्केटबॉल संघाला मिळते. तसे नाही. ती मर्यादा त्या विद्यापीठातील सर्व खेळांसाठी मिळून आहे आणि जेथे अमेरिकी फुटबॉलचा मोठा संघ आहे तेथे बहुतांश वाटा फुटबॉलकडे जातो. म्हणून सेंट जॉन्ससारख्या, फुटबॉलचा संघच नसलेल्या विद्यापीठाला बास्केटबॉलवर सढळ हाताने खर्च करता येतो. आपल्या आवडत्या संघाची ताकद जोखताना हा मुद्दा सर्वांत आधी पाहावा. नुसत्या नावलौकिकावरून अंदाज बांधणारा चाहता येथेच फसतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि आपण निवडलेल्या संघाला प्रत्येक हंगामासाठी एक पान द्यावे. पानावर पाच सुरुवातीच्या खेळाडूंची नावे, प्रत्येकाचे मूळ गाव, आधीचे विद्यापीठ, या संघात आल्याचे वर्ष आणि कॉलेजमध्ये खेळण्याच्या ठरलेल्या वर्षांपैकी किती उरली आहेत, एवढेच लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या वर्षी कोणाचा निरोप अटळ आहे हे तोच सांगतो.

नमुना म्हणून 2025 च्या विजेत्या फ्लोरिडाचे पान पाहू. वॉल्टर क्लेटन ज्युनियर : फ्लोरिडा राज्यातील लेक वेल्सचा, आधी आयोना, 2023 मध्ये आला. विल रिचर्ड : आधी बेलमाँट, 2022 मध्ये आला. अलायजा मार्टिन : आधी फ्लोरिडा अटलांटिक, 2024 मध्ये आला. रुबेन चिन्येलू : नायजेरियाचा, आधी वॉशिंग्टन स्टेट, 2024 मध्ये आला. अॅलेक्स काँडन : ऑस्ट्रेलियाचा, थेट फ्लोरिडातच दाखल. पाचांपैकी चार जण दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले. प्रशिक्षक टॉड गोल्डन हेही 2022 मध्ये सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठातून आले होते. हे पान समोर ठेवून ह्यूस्टनविरुद्धचा अंतिम सामना पुन्हा पाहिला तर त्यातले बरेच उलगडते. दुसऱ्या सत्रात फ्लोरिडा 12 गुणांनी मागे होता आणि क्लेटनने पहिल्या सत्रात एकही गुण केला नव्हता. अखेरच्या क्षणी ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प तीन गुणांच्या फेकीसाठी उडाला, क्लेटन हात उंचावून त्याच्या अंगावर धावला, शार्पने चेंडू खाली सोडला आणि आता त्याला पुन्हा हात लावणे नियमात बसत नसल्याने तो नुसता पाहत राहिला. काँडनने झेप घेतली. निकाल 65-63. ज्या क्लेटनने ते धाडस केले तो आपल्याच राज्याच्या विद्यापीठात दुसऱ्या दाराने आलेला मुलगा होता. ‘बाहेरचा’ हा शिक्का त्याच्यावर कसा मारणार?

ह्यूस्टनचे पानही सोबत लिहावे. त्यात एल. जे. क्रायर बेलरहून आणि मिलोस उझान ओक्लाहोमाहून आलेला दिसेल, पण जुवान रॉबर्ट्स 2019 पासून तेथेच होता. बदल्यांच्या या काळातही टिकून राहणारे खेळाडू असतात आणि अशांकडे मुद्दाम लक्ष द्यावे. पर्ड्यूचा झॅक इडी चार वर्षे थांबला, दोन वेळा देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि शेवटच्या वर्षी संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. त्याच्यामागून ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हे तिघेही त्याच विद्यापीठात चौथ्या वर्षापर्यंत एकत्र राहिले. ज्यांना जुन्या पद्धतीने मुले घडताना पाहायची आहेत त्यांनी असा संघ शोधून धरावा.

दुसरा मार्ग प्रशिक्षकाच्या मागे जाण्याचा आहे आणि मला स्वतःला तो अधिक फलदायी वाटतो. बेन मॅककॉलम यांचे उदाहरण घ्या. नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेट या दुसऱ्या श्रेणीतील विद्यापीठाला त्यांनी चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली, 2024 मध्ये ते ड्रेकला आले आणि येताना आपले चार खेळाडू घेऊन आले. दुसऱ्या श्रेणीतल्या या मुलांच्या बळावर ड्रेकने त्या हंगामात 31 सामने जिंकले आणि राष्ट्रीय स्पर्धेत मिझुरीला हरवले. वर्षभरातच मॅककॉलम आयोवाला गेले आणि त्यांचा मुख्य गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा, बेनेट स्टर्ट्झ त्यांच्यामागे गेला. गणवेश तीन झाले, पण संथ लयीत, चेंडू जपून, योग्य संधीची वाट पाहत खेळण्याची पद्धत एकच राहिली. ज्याने ती पद्धत ओळखली त्याला आयोवाचा संघ परका वाटण्याचे कारण नाही. इंडियाना स्टेटचा रॉबी अविला असाच आपले प्रशिक्षक जॉश शर्ट्झ यांच्यामागे 2024 मध्ये सेंट लुईसला गेला.

मात्र जे हरवले आहे ते हरवलेच आहे आणि ते नाकारू नये. 2022 मध्ये जर्सी सिटीतील सेंट पीटर्स या छोट्या विद्यापीठाने गटातील सोळांपैकी पंधराव्या मानांकनावरून केंटकी, मरे स्टेट आणि पर्ड्यू यांना हरवून शेवटच्या आठांत धडक मारली. तोपर्यंत त्या मानांकनाचा एकही संघ तेथे पोहोचला नव्हता. काही आठवड्यांतच प्रशिक्षक शाहीन हॉलोवे आपल्या मातृसंस्थेकडे, सीटन हॉलला गेले. केसी एन्डेफो त्यांच्यामागे गेला, डग एडर्ट ब्रायंटला आणि डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला गेला. त्या गावातल्या चाहत्याला पुढच्या वर्षी आपल्या वीरांचे स्वागत करायला मिळाले नाही. मायामीचे जिम लारान्यागा यांनी 2023 मध्ये संघाला अंतिम चारांत नेले, तरी त्यानंतर आठ खेळाडूंनी पोर्टलमध्ये नाव देण्याचे ठरवल्याचे सांगून त्यांनी डिसेंबर 2024 मध्ये हंगामाच्या मध्यावरच पद सोडले. छोट्या संघाचे चाहतेपद पत्करायचे असेल तर विजयाच्या वर्षाचे सामने मनात नीट साठवून ठेवावेत, कारण त्यांचा पुढचा भाग बहुधा दुसऱ्याच गावात घडतो.

तरीही या सगळ्याचा राग खेळाडूवर काढू नये, हे मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे. उदगीर किंवा अहमदपूरचा हुशार मुलगा अकरावीला लातूरला जातो तेव्हा त्याच्या गावातले कोणी त्याला बेइमान म्हणत नाही. उलट पेढे वाटले जातात, आणि तो पुढे डॉक्टर झाला तर गाव त्याला आपलाच मानते. वीस वर्षांच्या खेळाडूने अधिक खेळायला मिळेल, चांगला प्रशिक्षक मिळेल किंवा घरी चार पैसे पाठवता येतील म्हणून विद्यापीठ बदलले तर त्याला वेगळा न्याय लावण्याचे कारण मला तरी सापडत नाही. दशकानुदशके या खेळातून विद्यापीठांनी, वाहिन्यांनी आणि प्रशिक्षकांनी कमावले आणि खेळणाऱ्याच्या वाट्याला शिष्यवृत्ती आली. पण चाहतेच वर्गणी देऊ लागल्यापासून काहींना खेळाडू हा आपला नोकर वाटू लागला आहे आणि एका चुकलेल्या फ्रीथ्रोनंतर त्याला थेट संदेश पाठवून शिवीगाळ केली जाते. आपण इतक्या दूरून पाहतो, आपला पैसा त्यात नाही. निदान आपल्या फोनमधून तरी असा संदेश जाऊ नये.

बातम्या वाचताना दोन सवयी लावून घ्याव्यात. पोर्टलमध्ये नाव आले म्हणजे खेळाडू गेला, असे मानू नये. नाव परत घेता येते, फक्त तोपर्यंत मूळ विद्यापीठाने त्याची जागा दुसऱ्याला दिलेली असू शकते. आणि अमुक खेळाडूला तमुक लाख डॉलर मिळाले, अशा आकड्यांवर लगेच विश्वास ठेवू नये, कारण बहुतेक करार जाहीर होत नाहीत आणि आकडा फुगवून सांगण्यात मध्यस्थाचा फायदा असतो. वहीत आकडा लिहायचाच असेल तर पेन्सिलने लिहावा. स्पर्धेच्या 68 संघांचा तक्ता भरण्याचा, म्हणजे प्रत्येक सामन्याचा विजेता आधीच ओळखण्याचा, खेळ मात्र जरूर खेळावा, पण कागदावर आणि मित्रांत, पैसे न लावता. भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आहे.

मुलींचे सामने सोडू नयेत. 2024 चा महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी सुमारे 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिला आणि त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याला सुमारे 1 कोटी 48 लाख प्रेक्षक होते. केटलिन क्लार्क आपल्याच राज्याच्या आयोवा विद्यापीठात चारही वर्षे राहिली, याचा त्या गर्दीत मोठा वाटा होता, असे मी समजतो. याउलट हेली व्हॅन लिथ लुईव्हिल, एलएसयू आणि टीसीयू अशा तीन संघांतून खेळली आणि प्रत्येक ठिकाणी तिच्या खेळाचे वेगळे अंग दिसले.

आपल्याकडच्या ज्या मुलामुलींना स्वतः तेथे जाऊन खेळायचे आहे त्यांनी एक गोष्ट पालकांसह आधीच समजून घ्यावी. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना अमेरिकेत राहून पैसे कमावण्यावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे जाहिरातींच्या कराराच्या गोष्टी ऐकून हिशेब मांडू नये. शिष्यवृत्तीत काय-काय धरले आहे आणि ती किती वर्षांची आहे, हे लेखी विचारावे. कॅनडाच्या इडीलाही याच निर्बंधांची अडचण होती.

शेवटी वेळापत्रक. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे पुढे सरकतात आणि त्यानंतर तेथील पूर्व किनाऱ्याची वेळ आपल्या साडेनऊ तास मागे असते. पहिल्या फेरीचे सामने तेथे दुपारी सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊच्या पुढे, आणि सकाळपर्यंत चालतात. हे दिवस परीक्षांचे असल्याने पूर्ण रात्र जागण्यापेक्षा पहाटेचा एक सामना आधीच ठरवावा. अंतिम सामना सोमवारी रात्री असतो, तो आपल्याला मंगळवारी सकाळी सव्वासहाच्या सुमारास दिसतो. बदल्यांचे वारे एप्रिल-मे महिन्यांत वाहते, तेव्हा रोज बातम्या चाळण्याऐवजी जूनमध्ये संघाची अधिकृत यादी उघडून वहीतले नवे पान भरावे. फ्लोरिडाच्या पुढच्या पानावर काँडन आणि चिन्येलू तसेच राहिले आणि गार्डच्या जागी आर्कान्सातून बूगी फ्लँड व प्रिन्स्टनमधून झेव्हियन ली आले. नोव्हेंबरच्या आरंभी, घड्याळे पुन्हा मागे गेल्यावर, फरक साडेदहा तासांचा होतो. संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो. हंगामाचे पहिले दोन-तीन सामने ते पान जवळ ठेवून पाहावेत आणि नवा खेळाडू चेंडू कोणाकडे आधी देतो, तेवढे टिपावे.