सायटिका असलेल्या घोडेस्वारांनो, या चुका टाळा

सायटिका म्हणजे कमरेतून पायात उतरणारी नस चिडल्यावर येणारी कळ. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून रपेट होते ती पहाटेच. नेमकी हीच वेळ कमरेला नाजूक. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात आणि उठल्यावर पहिला तासभर वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. आपण मात्र अंथरुणातून दुचाकीवर, दुचाकीवरून उतरून थेट घोड्याचे खूर साफ करायला वाकतो. बरेचदा नस चिडते ती इथेच, बोल मात्र खोगिराला. आधी १० मिनिटं चाला, मग उभ्याने खरारा करा, म्हणजे घोड्याचं अंग ब्रशने घासा. खूर अगदी शेवटी घ्या, तेही गुडघे वाकवून. कळ येत असेल त्या दिवसांत हे काम मोतद्दारावर (घोड्याची निगा राखणाऱ्यावर) सोपवा, त्यात कमीपणा नाही.

दुसरी चूक रिकिबीची, म्हणजे पाय ठेवायच्या कडीची. ती टांगायचे पट्टे आखूड असले की गुडघे वर येतात, ओटीपोटाचा घेर मागे कलंडतो आणि सगळं वजन माकडहाडाकडे जातं. खुर्चीत रेलून बसल्यासारखी ही बैठक, आणि दुडकीचा (घोड्याच्या संथ धावेचा) प्रत्येक दणका सरळ कमरेत. लांबी पाहायची तर खोगिरावर बसून पाय रिकिबीबाहेर सैल सोडा. रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी आला पाहिजे. उड्या मारायच्या असतील तर तिथून २-३ भोकं वर.

दुखणं नेहमी एकाच बाजूचं असेल तर दोन्ही पट्टे काढून एकाच खिळ्याला टांगा. आपण कायम डावीकडून चढतो, त्यामुळे डावा पट्टा हळूहळू ताणला जातो. भोकाचा क्रमांक दोन्हीकडे सारखा, लांबीत मात्र बोटभर फरक! मग बैठक एका कुशीवर झुकते आणि तुम्ही महिनोन्‌महिने कंबर शेकत बसता. पट्टे दर महिन्याला आपसात बदला. चढताना ५० सेंटीमीटर उंचीचा ठोकळा वापरा, म्हणजे घोड्याची पाठही वाचते.

कळ आली की पायाचे अंगठे धरायला वाकणं ही सर्वांत हौशी चूक. चिडलेली नस ताणली की आणखी चिडते. तिला ओढायचं नाही, सरकवायचं. खुर्चीवर ताठ बसा. दुखरा पाय गुडघ्यात सरळ करत चवडा स्वतःकडे घ्या आणि त्याच वेळी मान वर करा. पाय खाली आणताना मान खाली. असं १० वेळा, दिवसातून दोनदा. कळ वाढली तर पाय कमी उचला.

दुखणं कुल्ल्यात खोलवर असेल, दाबल्यावर जाणवत असेल आणि गुडघ्याखाली उतरत नसेल, तर तिथला आखडलेला स्नायू कारण असू शकतो. उताणं पडून दुखऱ्या बाजूचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि खालची मांडी छातीकडे ओढा. ३० सेकंद, तीन वेळा. पाकीट मागच्या खिशात ठेवून दुचाकी चालवणं तेवढं आधी बंद करा. ‘नस उतरवून देतो’ म्हणत कंबर पिळणाऱ्यांपासून लांबच राहा.

पाऊल उचलताना घसटत असेल, दोन्ही पायांत कळ असेल, खोगिराला टेकतो तो भाग बधिर झाला असेल किंवा लघवी अडली असेल, तर घरचे उपाय थांबवून त्याच दिवशी नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) गाठा.

एरवी बहुतेकांना चार ते सहा आठवड्यांत आराम पडतो. पण एक-दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुण धरू नका, घरातल्या घरात तरी चालत राहा. परत मांड टाकाल तेव्हा पहिल्या आठवड्यात फक्त चाल, २० मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढलेली नसेल तरच पुढे उठत-बसत दुडकी. बसून दुडकी आणि उड्या सगळ्यात शेवटी.