शौचावरचा ताबा सुटतो तेव्हा स्त्रियांनी या चुका टाळाव्यात

ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या धीम्या लोकलला तासभर लागतो आणि डब्यात शौचालय नसते. त्यामुळे शौच अचानक निसटण्याचा त्रास असलेल्या कितीतरी जणी डॉक्टरांकडे जाण्याऐवजी सकाळचे खाणेपिणेच सोडून देतात. पाणी आणि चोथा कमी पडला की मळ कडक होतो, कुंथावे लागते आणि आधीच सैल पडलेल्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवरचा ताण वाढतो.

याहून फसवी चूक औषधाची आहे. दिवसातून चार-पाच वेळा कपड्यांना पातळ मळ लागतो, म्हणून केमिस्टकडून जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी आणली जाते. प्रत्यक्षात काही वेळा गुदाशयात घट्ट मळाचा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो. अशा वेळी लोपेरामाइड घेतल्यास अडकलेले आणखी अडकते, मात्र मळ खरोखरच सतत पातळ असेल तर तेच औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने उपयोगी पडते. हा फरक बहुधा बोटाने केलेल्या दोन मिनिटांच्या तपासणीत कळतो, आणि नेमकी तीच संकोचापायी टाळली जाते.

आर्नल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये मांडलेला, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम आता मोबाइलवर पाहून घरोघरी केला जातो, पण बऱ्याचदा उलटा. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, चारचौघांत वायू रोखताना जसे गुदद्वार आत आणि वर ओढतो तसे ओढावे. पोट, मांड्या व नितंब सैल राहावेत आणि श्वास चालू राहावा. खाली जोर जात असेल तर व्यायाम चुकतो आहे. ५ सेकंद धरून तेवढाच वेळ सैल सोडावे, असे ८ ते १० वेळा, दिवसातून ३ दा, किमान ३ महिने करावे. लघवी मध्येच थांबवण्याचा रोजचा सराव करू नये. ठाण्याच्या तलावपाळीवर चालण्याच्या फेऱ्या प्रकृतीला उत्तमच, पण त्यांनी हे स्नायू आपोआप सावरत नाहीत. ज्यांचे स्नायू सैलच सुटत नाहीत, त्यांना आवळण्याच्या व्यायामाने बद्धकोष्ठता वाढू शकते. त्यांना बायोफीडबॅकच्या (स्नायू आवळले की सैल झाले हे यंत्रावर दाखवणाऱ्या पद्धतीच्या) मदतीने आधी सैल सोडायला शिकावे लागते.

‘पिशवी काढली की सगळे ठीक होईल’ हा समजही सोडावा. बाळंतपणात गुदद्वाराचा स्नायू फाटला असेल, तर त्याची लक्षणे कधीकधी पाळी गेल्यावर दिसू लागतात, आणि गर्भाशय काढल्याने तो स्नायू सांधला जात नाही. त्यासाठी गुदद्वाराच्या आतून सोनोग्राफी आणि दाब मोजणारी मॅनोमेट्री करून मग पुढचे ठरते. शौचातून रक्त जाणे, कारणाशिवाय वजन घटणे यांत दिरंगाई नको. गुदद्वार आणि जननेंद्रियाभोवतीची, मांड्यांमधली जागा अचानक बधिर झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांसमोर ‘गॅसचा त्रास’ एवढेच सांगून उठू नये. मळ नकळत निसटतो, की कळते पण शौचालयापर्यंत थांबवता येत नाही, हे स्पष्ट सांगावे. पहिल्यात बहुधा गुदद्वाराच्या आतल्या वळयाचा (गोल स्नायूचा) दोष असतो, दुसऱ्यात बाहेरच्या, आणि तपासणीची दिशा तिथूनच बदलते.