घरगुती हस्तकलेचा ऑनलाइन व्यवसाय: घर आणि दागिने सुरक्षित ठेवून सुरुवात कशी करावी

पैठणीच्या काठाच्या पिशव्या, क्रोशाच्या बाहुल्या, तोरणे, रेझिनच्या नामपाट्या अशा वस्तू घरी तयार करून इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप किंवा एखाद्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकायला फार भांडवल लागत नाही. त्यामुळेच हा व्यवसाय नेमका कधी सुरू झाला, हे बहुतेक घरांत कोणालाच सांगता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र नियमित विक्री सुरू झाली की एकल मालकीचा व्यवसाय उभा राहिलेला असतो. त्याची वेगळी नोंदणी झालेली असो वा नसो, या व्यवसायाचे देणे हे मालकाचे वैयक्तिक देणे ठरते आणि ते वसूल करण्यासाठी मालकाच्या नावावरचे घर किंवा मुदत ठेव यांपर्यंत पोहोचता येते. पतीच्या, सासऱ्यांच्या किंवा आईच्या नावावरची मालमत्ता आपोआप त्यात ओढली जात नाही. ती ओढली जाते एखाद्या कागदावर सही केल्याने, पैसे एकत्र ठेवल्याने किंवा दागिने गहाण टाकल्याने. पुढील बहुतेक सूचना या तीन वाटा बंद ठेवण्यासाठी आहेत.

सर्वांत आधी व्यवसायासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे आणि क्यूआर कोड त्याच खात्याला जोडावा. हिशेब सोपा होतो, हे त्याचे एक कारण झाले. दुसरे अधिक गंभीर आहे. सायबर फसवणुकीतला पैसा अनेक खात्यांतून फिरवला जातो, आणि त्यातली काही रक्कम एखाद्या ग्राहकाच्या खरेदीपोटी आपल्या खात्यात आली, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर नोंदवलेल्या तक्रारीवरून ती रक्कम, आणि काही वेळा संपूर्ण खातेच, गोठवले जाते. वस्तू प्रामाणिकपणे पाठवलेली असली तरी खाते मोकळे होण्यास वेळ लागतो. तेच खाते पतीबरोबरचे संयुक्त खाते असेल आणि गृहकर्जाचा हप्ता व मुलांची फी त्यातूनच जात असेल, तर दोन हजारांच्या एका ऑर्डरपायी सारे घर अडते. म्हणून प्रत्येक ऑर्डरचे बिल, ग्राहकाशी झालेले संभाषण आणि कुरिअरची पावती जपून ठेवावी, व्यवसायाच्या खात्यात गरजेपुरतीच रक्कम राहू द्यावी आणि उरलेली ठरावीक तारखेला घरच्या खात्यात वळवावी.

सुरुवातीचा पैसा कोठून आला, हेही लिहून ठेवावे. पतीने पत्नीला भेट म्हणून पैसे दिले आणि तिने ते व्यवसायात घातले, तर त्या भांडवलाच्या प्रमाणातील नफा प्राप्तिकरासाठी पतीच्या उत्पन्नात मिळवला जातो. त्यापेक्षा स्वतःची बचत वापरणे किंवा रीतसर उसने घेऊन व्याजासह परत करणे बरे. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या खात्यातून भांडवल मुळीच घेऊ नये. व्यवसाय कुटुंबाचा की एकट्या व्यक्तीचा, हा वाद तेथूनच सुरू होतो.

नोंदणीचे काम त्या मानाने सोपे आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनच्या आधारे सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांना थारा देऊ नये. जीएसटीसाठी महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक ४० लाख रुपये आहे. परंतु मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून परराज्यात माल विकायचा असेल, तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात अशा बाजारपेठेवरून विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून, केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन, मर्यादेपर्यंत या नोंदणीतून सवलत मिळाली आहे. स्वतःच्या पानावरून परराज्यात थेट विकल्या जाणाऱ्या अधिसूचित (सरकारी यादीतल्या) हस्तकला वस्तूंनाही ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे, मात्र पॅन आणि ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) आवश्यक असते. घर सासऱ्यांच्या नावावर असेल, तर पत्त्यासाठी त्यांचे संमतिपत्र मागितले जाते. त्याने घरावर कोणताही बोजा चढत नाही, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे. तो कागद केवळ जागा वापरू देण्याचा असतो.

कोणती वस्तू करायची, हा आवडीचा प्रश्न असला तरी त्यात जबाबदारीचाही भाग आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि बाहुलीचा सुटलेला डोळा लहान मुलाने गिळला किंवा साबणाने कोणाची त्वचा भाजली, तर नुकसानभरपाईचा दावा थेट वस्तू तयार करणाऱ्यावर येतो. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह सक्तीचे आहे; विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी झालेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट दिलेली आहे, म्हणून बाहुल्या करणाऱ्यांनी कारागीर ओळखपत्र आधी काढावे. पिशव्या आणि तोरणे यांत हा धोका नगण्य आहे, आणि नवख्या व्यक्तीने तेथून आरंभ करावा, असे माझे मत आहे. यंत्रमागावरच्या काठाला पैठणी म्हणून विकू नये, कारण त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे.

आता सहीविषयी. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळे ठरले नसेल, तर बँकेला आधी कर्जदाराच्या मागे लागण्याचीही गरज नसते. ‘नुसती सही हवी आहे’ असे म्हणून वडिलांसमोर किंवा दिरासमोर ठेवला जाणारा कागद बहुधा जामीनकीचाच असतो. छोट्या हस्तकला व्यवसायाला त्याची आवश्यकताच नाही: मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते, आणि पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम, बाहुल्या व खेळणी, टोपल्या व चटया अशा १८ व्यवसायांना पहिल्या टप्प्यात १ लाख रुपये ५ टक्के व्याजाने मिळतात, मात्र कुटुंबातील एकाच व्यक्तीला. दिवाळीच्या मालासाठी सोने तारण ठेवणे हा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत घातक मार्ग आहे. माल पडून राहिला तर हप्ता थकतो आणि सुनेच्या किंवा आईच्या बांगड्या लिलावात निघतात. निम्मी आगाऊ रक्कम घेऊनच मोठी ऑर्डर स्वीकारली, तर ही वेळ सहसा येत नाही.

मैत्रिणीबरोबर किंवा जावेबरोबर नफा वाटून काम करणाऱ्यांनी हेही जाणावे की, एकत्र व्यवसाय करून नफा वाटून घेतला तर लेखी करार नसतानाही भागीदारी मानली जाऊ शकते आणि तीत प्रत्येक भागीदार पूर्ण देण्यास जबाबदार असतो. अशा वेळी मर्यादित दायित्व भागीदारी योग्य ठरते. एकट्याने करायचे असेल, तर कंपनी अधिनियम, २०१३ खालील एकव्यक्ती कंपनी वैयक्तिक मालमत्ता वेगळी राखते. पण लेखापरीक्षण आणि दरवर्षीची विवरणपत्रे यांचा खर्च पाहता, मोठ्या घाऊक ऑर्डरी किंवा पगारी मदतनीस येईपर्यंत तिची घाई करू नये. शिवाय संचालकाने कर्जासाठी वैयक्तिक हमी दिली, तर त्या कर्जापुरते ते कवच निकामी होते.

कायदा काही गोष्टींना मुळातच संरक्षण देतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार कारागिराची अवजारे, स्वयंपाकाची भांडी आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला दूर करता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या (पीपीएफ) खात्यावरही न्यायालयीन जप्ती येत नाही. व्यवसायाचा मालक विवाहित पुरुष असेल, तर विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा अधिनियम, १८७४ खाली पत्नी व मुलांच्या नावे घेतलेली आयुर्विमा पॉलिसी त्याच्या धनकोंच्या हाती लागत नाही; ती तरतूद पॉलिसी घेतानाच करावी लागते. देणे थकल्यानंतर घाईघाईने घर पत्नीच्या नावे करणे मात्र निरुपयोगी आहे, कारण धनकोंना चुकवण्यासाठी केलेले हस्तांतर न्यायालय रद्द ठरवू शकते.

शेवटचा खर्च विम्याचा. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत व्यवसायाचा माल धरला जात नाही, आणि मेण, रेझिन किंवा कापसाचा साठा घरात असल्याचे कळवले नसेल तर दावाच अडचणीत येऊ शकतो. म्हणून विमा कंपनीला लेखी कळवावे आणि मालासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही छोट्या उद्योगांची पॉलिसी स्वतंत्रपणे घ्यावी.