गरोदरपण ते बाळाची पहिली वर्षे: आई-वडिलांनी आधाराची आखणी कशी करावी

बाळ येणार हे कळल्यावर तयारी बहुधा वस्तूंपासून सुरू होते. पाळणा, दुपटी, लहान कपडे यांची यादी लगेच तयार होते. पण पहाटे तीन वाजता बाळ रडू लागल्यावर कोण उठणार, बाळंतिणीचे जेवण कोण पाहणार आणि तिला बरे वाटत नसेल तर तिने ते कोणाला सांगायचे, हे ठरवायचे राहून जाते. वस्तू ऐन वेळी मिळवता येतात. झोप मोडलेल्या, थकलेल्या अवस्थेत मदतीची घडी बसवणे मात्र कठीण जाते. म्हणून आधाराची आखणी गरोदरपणातच, शक्यतो सातव्या महिन्यापूर्वी, कागदावर करावी.

तपासण्या आणि सोबत

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सुचवलेल्या वेळापत्रकानुसार गरोदरपणात किमान आठ वेळा तपासणी व्हावी. पहिली भेट बाराव्या आठवड्यापर्यंत, त्यानंतरच्या भेटी २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० व्या आठवड्यांत, असा तो क्रम आहे. यांतील पाच भेटी तिसाव्या आठवड्यापासून पुढे येतात. जोडीदाराच्या हाती मोजक्याच रजा असतील, तर पहिली भेट, विसाव्या आठवड्याच्या सुमाराची सोनोग्राफी आणि शेवटच्या दोन महिन्यांतील भेटी यांसाठी त्या राखून ठेवाव्यात. फॉलिक ॲसिडची दररोज ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा गर्भधारणेच्या आधीपासून पहिल्या बारा आठवड्यांपर्यंत घेण्याचा सर्वसाधारण सल्ला आहे. मधुमेह, फेफरे किंवा पूर्वीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असल्यास ही मात्रा बदलते, म्हणून ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

सोबत जाणाऱ्या व्यक्तीने केवळ बाहेर बसून राहू नये. घरी सुचलेले प्रश्न वहीत लिहून न्यावेत, डॉक्टरांची उत्तरे तिथेच टिपून घ्यावीत आणि निघण्यापूर्वी दोनच गोष्टी आवर्जून विचाराव्यात: पुढच्या भेटीपर्यंत कशावर लक्ष ठेवायचे, आणि काय झाल्यास भेटीची वाट न पाहता यायचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातील प्रत्येकाला माहीत असायला हवे. योनीतून रक्तस्राव, तीव्र आणि न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा किंवा हात अचानक सुजणे, पाणी जाणे, ताप, पोटात सतत दुखणे आणि बाळाची नेहमीची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी, त्याच तासाला संपर्क साधावा. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास जाणवू लागते. बाळाच्या हालचालीची लय एकदा ओळखीची झाली की त्यातील बदल आईलाच सर्वांत आधी कळतो, आणि ‘उगाच घाबरतेस’ म्हणून तो उडवून लावणे धोक्याचे ठरू शकते.

मदतीचा कागद

एका कागदावर दिवसाचे चोवीस तास मांडावेत आणि घरातील कामे त्यात भरावीत: स्वयंपाक, भांडी, कपडे, बाजारहाट, मोठे मूल असल्यास त्याची शाळा आणि झोप, औषधे आणणे, दवाखान्यात नेणे, रात्रीची जाग. प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव आणि वार लिहावा. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणारे पुष्कळ असतात, आणि ते मनापासूनच म्हणत असतात. परंतु या वाक्यामुळे काम ठरवण्याचा आणि मागण्याचा भार पुन्हा आई-वडिलांवरच येतो. त्यामुळे मदत मागताना नेमके काम सांगावे. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळचे जेवण आणाल का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणणे सोपे असते, आणि कोणी नाही म्हटले तरी राग न धरता दुसरे नाव शोधता येते.

हा कागद भरताना एक चूक बऱ्याच घरांत होते. मदतीला आलेली माणसे बाळाला घेऊन बसतात आणि बाळंतीण त्यांच्यासाठी चहा टाकते. पहिल्या आठवड्यांत आईने बाळाजवळ असावे आणि बाकीच्यांनी घर सांभाळावे, हा क्रम ठरवून घ्यावा. अर्थात आईला आंघोळीसाठी किंवा तासभर सलग झोपेसाठी बाळ कोणाच्या तरी हाती द्यावेसे वाटते, तेव्हा ते घेणारे हातही तितकेच मोलाचे असतात. मात्र ते तिच्या सांगण्यावरून पुढे यावेत. भेटीला येणाऱ्यांची वेळ, मुक्कामाची मुदत आणि खोकला-ताप असल्यास न येण्याची विनंती हे सांगण्याचे काम जोडीदाराने किंवा घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने उचलावे. बाळंतिणीवर हा वाईटपणा टाकू नये.

जी आई किंवा जो बाप एकट्याने मूल वाढवणार आहे, त्याच्यासाठी हा कागद अधिकच गरजेचा आहे. अशा वेळी दोन नावे ठळक लिहून ठेवावीत: रात्री-अपरात्री दाराशी येऊ शकेल अशी एक व्यक्ती, आणि दररोज एकदा फोन करून फक्त ‘जेवण झाले का, झोप झाली का’ एवढेच विचारील अशी दुसरी.

प्रसूतीच्या वेळी

कळा सुरू झाल्यापासून बाळ जन्मेपर्यंत स्त्रीजवळ तिच्या पसंतीची एक व्यक्ती सतत असावी. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २६ चाचण्यांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक, सिझेरियनचे प्रमाण कमी आणि कळांचा काळ थोडा लहान असल्याचे त्यात आढळले. ही व्यक्ती नवराच असली पाहिजे असे नाही. रक्त पाहून ज्याला भोवळ येते त्याला आग्रहाने आत बसवण्यापेक्षा बहीण, आई किंवा अनुभवी मैत्रीण बरी. रुग्णालय सोबतीला परवानगी देते का, सिझेरियनच्या वेळी काय नियम आहेत, हे आधीच विचारून ठेवावे.

पहिले सहा आठवडे

बाळंतपणानंतर पहिल्या चोवीस तासांत, नंतर ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, सातव्या ते चौदाव्या दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात आई व बाळ या दोघांचीही तपासणी व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. व्यवहारात बाळाची तपासणी होते आणि आईची राहून जाते. एका तासात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, ताप, एकाच पोटरीला सूज आणि वेदना, छातीत दुखणे, दम लागणे किंवा तीव्र डोकेदुखी ही प्रसूतीनंतरची धोक्याची लक्षणे आहेत. रक्तदाबाचा त्रास बाळ जन्मल्यावरही उद्भवू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पिते. पहिल्या काही दिवसांत त्याचे वजन किंचित उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवेळेइतके भरून येते. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक वेळा शू होत असेल, तर पोटात पुरेसे दूध जात असल्याची ती चांगली खूण आहे. स्तनाग्रांना चिरा पडणे किंवा दर वेळी पाजताना तीव्र वेदना होणे हे सोसण्याचे दुखणे नव्हे. बाळाने स्तन नीट तोंडात न घेतल्याने बहुधा हे होते, आणि प्रशिक्षित नर्सने किंवा स्तनपान सल्लागाराने शेजारी बसून एकदोनदा पाहिले तर पुष्कळदा सुधारते. म्हणून अशा व्यक्तीचा फोन क्रमांक प्रसूतीपूर्वीच मिळवावा. काही कारणाने वरचे दूध द्यावे लागले, तर त्याबद्दल आईला टोमणे मारणाऱ्यांना घरातील कोणीतरी स्पष्ट शब्दांत थांबवावे. तोही आधारच आहे.

रात्र वाटून घेता येते. आई अंगावर पाजत असली तरी बाळाला उचलून तिच्याजवळ देणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि पुन्हा झोपवणे हे सारे दुसऱ्याला करता येते. आईला तेवढाच अर्धा-पाऊण तास झोपेचा मिळतो. अति थकव्यात सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीशी घेऊन डोळा लागणे हा बाळाच्या श्वासाला मोठा धोका आहे. बाळाला नेहमी पाठीवर, घट्ट व सपाट गादीवर, आई-वडिलांच्याच खोलीत पण स्वतंत्र जागेवर झोपवावे. आसपास उशी, सैल पांघरूण, मऊ खेळणी नसावीत आणि घरात कोणीही धूम्रपान करू नये.

रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते. पोट भरलेले, लंगोट कोरडा, ताप नाही, तरीही बाळ रडत असते आणि मोठ्या माणसाचा संयम सुटू लागतो. तेव्हा बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच-दहा मिनिटे खोलीबाहेर जावे, कोणाला तरी फोन करावा. बाळाला कधीही गदगदा हलवू नये, कारण त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे आजी-आजोबांपासून सांभाळणाऱ्या बाईपर्यंत सर्वांना सांगून ठेवावे. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, दूध ओढणे बंद होणे, मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, आकडी, किंवा पहिल्याच दिवशी दिसणारी कावीळ, यांत घरगुती उपाय करीत बसू नये. लगेच डॉक्टर गाठावेत.

आईचे मन, आणि बापाचेही

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अकारण रडू येणे, चिडचिड होणे हे फार मोठ्या प्रमाणावर घडते आणि सुमारे दोन आठवड्यांत निवळते. ते त्यापुढे टिकले, किंवा महिन्या-दोन महिन्यांनी नव्याने सुरू झाले, तर त्याला नैराश्य समजून उपचार घ्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे १३ टक्के स्त्रियांना प्रसूतीनंतर मानसिक आजार होतो आणि त्यात मुख्यतः नैराश्य असते. हा आजार बाळावर प्रेम नसल्याची खूण नाही, आणि उपचारांनी तो बरा होतो. स्तनपान चालू असतानाही घेता येतील अशी औषधे असतात.

हे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ मध्ये तयार झालेली एडिनबरो प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. तीत मागील सात दिवसांविषयी दहा साधे प्रश्न असतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. असा विचार कितीही ओझरता आला असला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. घरच्यांनी ‘सगळे ठीक ना?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘हो’ याखेरीज उत्तर मिळत नाही. ‘बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का?’ असे विचारावे. बाळ शांत झोपले असतानाही आई जागी राहत असेल, तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. क्वचित, हजारात एखाद-दोन स्त्रियांना, पहिल्या दोन आठवड्यांत भ्रम, भास, अतिउत्साह आणि झोपेचा पूर्ण अभाव अशी लक्षणे अचानक दिसतात. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. अशा आईला एकटे सोडू नये, बाळ तिच्यापाशी एकटे ठेवू नये आणि तासाभरातच रुग्णालय गाठावे.

बापालाही नैराश्य येऊ शकते. ते रडण्यापेक्षा चिडचिड, उशिरापर्यंत कामात गुंतून राहणे, दारू वाढणे अशा रूपांत दिसते, आणि त्याला कोणी विचारतही नाही. तपासणीच्या भेटीत डॉक्टरांनी वडिलांकडे वळून एक प्रश्न विचारला तर बरेच काही उघड होईल असे मला वाटते. तोवर हे काम मित्राने किंवा भावाने करावे.

सहा महिन्यांनंतर

मदतीचा ओघ सहसा तिसऱ्या महिन्यात आटतो, आणि नेमके त्याच सुमारास अनेकींची रजा संपत येते. म्हणून आधीच्या कागदाची नवी प्रत चौथ्या महिन्यात आणि पुन्हा नवव्या महिन्यात तयार करावी. सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध, त्यानंतर वरचे अन्न आणि सोबत दोन वर्षे किंवा अधिक काळ स्तनपान, हा सर्वमान्य सल्ला आहे. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये; त्यातील जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. पहिली दोन वर्षे मोबाइल-टीव्हीचा पडदा पूर्ण टाळावा, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाला तासाभराहून अधिक देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. जेवण करताना हातात मोबाइल देणाऱ्या दमलेल्या पालकाला उपदेश करण्यापेक्षा ते एक जेवण आपण भरवणे अधिक उपयोगी.

वाढीचे टप्पे शेजारच्या मुलाशी ताडून पाहू नयेत. तथापि तीन महिन्यांपर्यंत माणसाकडे पाहून हसू न येणे, वर्षाच्या सुमारास नावाला प्रतिसाद न देणे, किंवा आधी येत असलेले शब्द व हालचाली हरवणे, यांवर ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे म्हणत थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, लवकर सुरू झालेल्या मदतीचा परिणाम चांगला होतो.

कामावर परतण्यापूर्वी बाळ सांभाळणाऱ्या व्यक्तीसोबत आईने किंवा वडिलांनी निदान एक आठवडा घरी राहावे: पहिले दोन दिवस तिने पाहावे, पुढचे दोन दिवस तिने करावे आणि पालकांनी पाहावे, मग तासभर बाहेर पडून परतावे. दाराजवळ लावलेल्या एका कागदावर दूध व अन्नाच्या वेळा, झोपवण्याची पद्धत, ॲलर्जी, डॉक्टरांचा आणि दोन जवळच्या माणसांचा क्रमांक असावा, आणि लसीकरणाचे कार्ड त्याच कागदामागे पिशवीत ठेवावे.