लिंडलार उत्प्रेरक: अल्काइन अल्कीनवर थांबत नव्हतं

नागपूरचा मे, लॅबमध्ये दुपारी ३८ अंश. लिंडलार उत्प्रेरक (शिसं घालून मंदावलेलं पॅलेडियम) वापरून अल्काइनचं (कार्बनमधला तिहेरी बंध) सिस-अल्कीन (दुहेरी बंध, दोन्ही गट एकाच बाजूला) करायचं होतं, पण जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफी, मिश्रणात काय किती आहे ते दाखवणारी चाचणी) दरवेळी अल्केनच (एकेरी बंध, म्हणजे हायड्रोजन गरजेपेक्षा जास्त जोडला गेलेला) जास्त. उत्प्रेरक कमी केला, सॉल्व्हंट बदलला, काही नाही. तीन आठवडे अक्षरशः डोकं धरून बसलो.

जमलं ते असं. तपकिरी पडलेलं क्विनोलिन (उत्प्रेरकाचा जोर आणखी कमी करणारं द्रव) फेकलं (खरा घोळ बहुधा तिथेच होता). ताजं ऊर्ध्वपातन केलेलं, पाण्यासारखं स्वच्छ, उत्प्रेरकाच्या वजनाइतकं घेतलं. एथिल अ‍ॅसिटेटमध्ये उत्प्रेरक आणि क्विनोलिन दहा मिनिटं ढवळलं, मगच अल्काइन. फ्लास्क बर्फात. तीनदा नायट्रोजन भरून हवा काढली, मग हायड्रोजनचा फुगा. दर १० मिनिटांनी जीसी. आलेखात अल्काइनचं शिखर दिसेनासं होताच फुगा काढून नायट्रोजन सोडला. सेलाइटवर (गाळण्यासाठीची बारीक पूड) गाळताना उत्प्रेरक कोरडा पडू देऊ नका, पेट घेतो. शेवटी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलं, क्विनोलिन निघून गेलं.